पुनर्बांधणी झालेल्या लष्करी रायफलींचे अस्सलपण आणि संग्रहमूल्य : वऱ्हाडच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना :

इतिहासाच्या भौतिक साधनांमध्ये नाणी, ताम्रपट, मूर्ती आणि तलवारी यांना जे मानाचे स्थान प्राप्त झाले ते बंदुकीला, विशेषतः विसाव्या शतकातील लष्करी रायफलीला, मराठी इतिहासलेखनात मिळालेले नाही. यंत्रावर लाखोंच्या संख्येने तयार झालेली वस्तू अभ्यासयोग्य असू शकते, हे मान्य करण्यास अभ्यासकांचे मन सहसा धजावत नाही. त्यातही ती रायफल एकदा नव्हे तर दोन-तीनदा खोलून, भाग बदलून, नव्याने जुळवलेली असेल तर तिचा विचारच केला जात नाही. याउलट युरोप व अमेरिकेत जुन्या लष्करी रायफलींचा संग्रह करणाऱ्यांचा मोठा वर्ग असून तेथे किंमत ठरवण्याची पक्की परिभाषा निर्माण झालेली आहे. या परिभाषेचा गाभा एकच : रायफल कारखान्यातून ज्या भागांसह बाहेर पडली त्याच भागांसह ती आजही असावी. पुनर्बांधणी झालेली रायफल या मोजपट्टीवर खालच्या प्रतीची ठरते.

प्रस्तुत लेखात या मोजपट्टीचाच विचार केला आहे. वऱ्हाडच्या, म्हणजे आजच्या वाशिम, अकोला, अमरावती, बुलढाणा व यवतमाळ या जिल्ह्यांच्या दृष्टीने हा प्रश्न वाटतो तितका दूरचा नाही. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यातील कारंजा तालुक्यातील धनज हे पोलीस ठाण्याचे गाव आहे. अशा गावांतील सामान्य माणसाने सरकारी शस्त्र म्हणून जे पाहिले ते बहुधा पोलीस शिपायाच्या खांद्यावरचे. महाविद्यालयीन तरुणाने पाहिले ते राष्ट्रीय छात्रसेनेच्या कवायतीत. अनेक दशके ही दोन्ही शस्त्रे एकाच कुळातील होती. ते कुळ म्हणजे .३०३ बोअरची ली-एनफिल्ड, लोकांच्या तोंडची ‘थ्री नॉट थ्री’.

‘अस्सल’ या शब्दाचा अर्थ :

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड प्रसिद्ध केला. तेव्हापासून ‘अस्सल’ हा शब्द मराठी संशोधनाचा कणा झाला. अस्सल कागद आणि नक्कल यांतील भेद आपल्याकडे पहिल्या दिवसापासून शिकवला जातो. परंतु अस्सल कागद म्हणजे कोरा, अस्पर्शित कागद असे कोणत्याही संशोधकाने कधी म्हटलेले नाही. इनामाच्या एखाद्या पत्रावर पुढच्या कारकिर्दीतील शिक्का असतो, समासात कारकुनाचा शेरा असतो, पाठीवर दप्तरातील नोंद असते, दुमडीवर झिजल्यामुळे चिकटवलेली पट्टी असते. या प्रत्येक खुणेने कागदाची किंमत वाढते. तो कागद कोणाच्या हातून गेला आणि प्रत्येक हाताने त्याला काय मानले, हे त्या खुणाच सांगतात.

याहून जवळचे उदाहरण हवे असल्यास ते कोणत्याही तलाठी कार्यालयात सापडेल. सातबाराच्या उताऱ्यावर जमीन दुसऱ्याच्या नावे झाली की जुने नाव खोडून नाहीसे करत नाहीत. त्याला कंस करून फेरफाराचा क्रमांक देतात आणि नवे नाव खाली चढवतात. फेरफार आहे म्हणून उतारा खोटा, असे कोणी म्हणत नाही. फेरफाराविना बदललेले नाव मात्र संशयास्पद असते.

लष्करी रायफलीच्या पुनर्बांधणीत नेमकी हीच पद्धत दिसते. रायफलीच्या मुख्य लोखंडी सांगाड्यावर, नळीवर, बोल्टच्या दांडीवर, नळीच्या टोकाच्या टोपीवर, मागील दूरदर्शक पट्टीवर आणि पुढील लाकडावर क्रमांक मारलेला असतो. कारखान्यात बोल्ट बदलल्यास जुन्या क्रमांकावर आडवी रेघ मारून नवा क्रमांक ठोकतात. या क्रमांकांमागे हौस नसून सुरक्षितता आहे. बोल्टचे तोंड आणि काडतुसाची बैठक यांतील अंतर केसाइतके जरी चुकले तरी काडतूस फुटून चालवणाऱ्याच्या तोंडावर येऊ शकते. म्हणून एका रायफलीचा बोल्ट दुसरीत घालणे हा शस्त्रागारातील गंभीर दोष मानला जातो. कारखान्याने बदल केला, अंतर तपासले आणि नवा क्रमांक मारला तर तो दोष राहत नाही. ती नोंद होते. संग्राहकांच्या बाजारात ‘क्रमांक जुळतात’ या शब्दांना जे महत्त्व आले त्याचे मूळ येथे आहे. गंमत अशी की मुळातील सुरक्षिततेचा हेतू विसरला जाऊन बाजारात केवळ जुळण्याची किंमत उरली.

फिरंगेचे उदाहरण :

पुनर्बांधणीमुळे शस्त्राचे अस्सलपण नाहीसे होते हा विचार मराठी परंपरेला मानवणारा नाही, याचा अलीकडचा पुरावा नागपूरकर भोसल्यांच्या घराण्याशी निगडित आहे. सेनासाहेबसुभा रघूजी भोसले, पहिले, यांची तलवार एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या सदबीज या संस्थेच्या लिलावात आली. महाराष्ट्र शासनाने ती ४७.१५ लाख रुपये खर्चून मिळवली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ती मुंबईत पोहोचली. या तलवारीचे पाते युरोपीय बनावटीचे आहे. मूठ मुल्हेरी घाटाची असून पात्यावर सोन्याच्या पाण्याने देवनागरीत रघूजींचे नाव व पद कोरलेले आहे आणि त्याच लेखात ‘फिरंग’ असा शब्दही आहे. म्हणजे पाते परदेशी असल्याचे त्या काळच्या कारागिराने लपवले नाही. ते त्याने सोन्याने लिहून ठेवले.

सतराव्या-अठराव्या शतकात पोर्तुगीज व इतर व्यापाऱ्यांमार्फत येणारी युरोपीय पाती देशी मुठींवर चढवली जात आणि त्या तलवारीला फिरंग म्हणत. संग्राहकांची रायफलीची मोजपट्टी येथे लावली तर रघूजींची तलवार ‘मिश्र भागांची’ ठरेल. तसे कोणी म्हणत नाही, कारण ती मूठ आणि तो लेख याच गोष्टींनी युरोपातील एका निनावी पात्याला वऱ्हाड-नागपूरच्या इतिहासात जागा दिली. ठासणीच्या व तोड्याच्या बंदुकांबाबतही असेच घडत असे. चांगल्या पोलादाची नळी पिढ्यान्पिढ्या टिके, दस्ता कुजला की नवा बसवला जाई, तोडा जाऊन टोपीचा घोडा येई. भारतीय शस्त्रपरंपरेत पुनर्बांधणी हाच नियम होता. यंत्रयुगातील रायफलीलाच तेवढा वेगळा न्याय का, हा प्रश्न म्हणून विचारण्याजोगा आहे.

नळी गुळगुळीत करण्याचे राजकारण :

इंग्रजी अमलातील पुनर्बांधणी मात्र केवळ काटकसरीची नव्हती. १८५३ च्या नमुन्याची एनफिल्ड रायफल .५७७ बोअरची होती आणि तिच्या नळीत तीन पेचदार खाचा होत्या. या खाचांमुळे गोळी फिरत जाते व दूरवर अचूक लागते. याच रायफलीच्या काडतुसाचा १८५७ च्या उठावाशी असलेला संबंध सर्वज्ञात आहे. त्याहून कमी ज्ञात आहे ती उठावानंतरची कृती. १८५८ मध्ये हिंदी पलटणींसाठी एक वेगळा नमुना ठरवण्यात आला. त्यात एनफिल्डच्या नळीतील खाचा कोरून काढून नळी गुळगुळीत केली गेली आणि अंतरानुसार वरखाली करता येणारी मागील पट्टी काढून तिच्या जागी साधा स्थिर ठोकळा बसवला गेला. बाहेरून बंदूक तीच, आतून मात्र ती शंभर पावलांपलीकडे भरवशाची राहिली नाही. कोरल्यामुळे नळी इतकी पातळ झाली की ती निकामी होऊ लागली. पुढच्याच वर्षी, १८५९ च्या नमुन्यात, मुळातच जाड नळी घेणे भाग पडले.

ब्रिटिश संग्राहकांच्या यादीत १८५३ ची मूळ खाचांची एनफिल्ड ही १८५८ च्या कोरलेल्या बंदुकीपेक्षा सहसा वरचढ धरली जाते. भारतीय इतिहासाच्या अभ्यासकाला यातील क्रम उलटा वाटल्यास नवल नाही. सत्तेचा अविश्वास कागदोपत्री अहवालात सभ्य भाषेत येतो; येथे तो नळीच्या आतल्या पृष्ठभागावर हाताने चाचपता येतो.

यानंतर जवळजवळ अर्धे शतक एक धोरण सातत्याने दिसते : हिंदी शिपायाचे शस्त्र गोऱ्या शिपायाच्या शस्त्राच्या एक पिढी मागे ठेवायचे. गोऱ्या पलटणींना मार्टिनी-हेन्री मिळाल्यावर हिंदी पलटणींना स्नायडर आली आणि त्यांना ली-मेटफर्ड मिळाल्यावर येथे मार्टिनी आली. स्नायडर हीदेखील मुळात पुनर्बांधणीच होती. जेकब स्नायडर या अमेरिकन माणसाच्या कल्पनेनुसार जुन्या एनफिल्डच्या नळीचा मागचा भाग कापून तेथे बाजूला उघडणारी खिडकी बसवली गेली आणि तोंडातून ठासण्याची बंदूक मागून भरण्याची झाली. पोलिसांसाठी हिच्याही गुळगुळीत नळीच्या आवृत्त्या निघाल्या.

वऱ्हाडात या काळाला आणखी एक पदर आहे. १८५३ च्या तहान्वये निजामाने वऱ्हाडचा मुलूख कंपनीकडे सोपवला तो हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चासाठी. हिंगोली व एलिचपूर ही तिची ठाणी होती. वाशिमपासून हिंगोली किती जवळ आहे हे येथील वाचकांस सांगणे नको. या मुलखाचा महसूल आणि शिपायाची बंदूक यांचा असा थेट संबंध होता. १९०३ मध्ये कंटिंजंट हिंदी लष्करात विलीन झाली व तिच्या एका पलटणीला ९६ वी बेरार इन्फन्ट्री असे नाव मिळाले. १९२२ मध्ये ती १९ व्या हैदराबाद रेजिमेंटमध्ये गेली आणि १९४५ मध्ये त्या रेजिमेंटचे नाव कुमाऊँ रेजिमेंट झाले. पलटणींचीही पुनर्बांधणी होत असते, आणि त्यांना मात्र आपण जुन्याच परंपरेचे वारस मानतो.

ली-एनफिल्ड आणि इशापूर :

ली-एनफिल्डची कथा पुनर्बांधणीपासूनच सुरू होते. १८८८ च्या ली-मेटफर्डमध्ये खाचा उथळ होत्या. धूररहित कॉर्डाइट वापरात येताच त्याच्या उष्णतेने त्या झपाट्याने झिजू लागल्या, म्हणून १८९५ मध्ये एनफिल्ड पद्धतीच्या खोल खाचा आल्या. १९०२ मध्ये नळी ३०.२ इंचांवरून २५.२ इंचांवर आणून पायदळ व घोडदळ दोघांसाठी एकच आखूड रायफल ठरवण्यात आली. लाखो जुन्या रायफली हाताशी असताना त्या फेकून देणे कोणत्याही अर्थखात्याला परवडणारे नव्हते. साहजिकच त्यांतील अनेक आखूड नळी चढवून नव्या नमुन्यात परिवर्तित झाल्या.

या परिवर्तित रायफलींमुळे निर्माण झालेला एक पेच लक्षात घेण्यासारखा आहे. सांगाड्याच्या मागील बाजूस राजमुकुट आणि त्या वेळच्या राजाची आद्याक्षरे असतात. व्हिक्टोरिया राणीचे निधन जानेवारी १९०१ मध्ये झाले. आखूड रायफल त्यानंतरची. म्हणून आखूड रायफलीवर ‘व्ही. आर.’ ही अक्षरे दिसली तर ती बनावट, असा सोपा नियम करण्याचा मोह होतो. पेशावरजवळच्या दर्रा आदमखेल येथील कारागिरांनी बनवलेल्या नकली बंदुकांवर राणीची अक्षरे आणि तिच्या मृत्यूनंतरचे साल एकत्र आढळते, हेही खरे. परंतु जुन्या ली-मेटफर्डच्या सांगाड्यावर तयार झालेल्या परिवर्तित रायफलीवर राणीची अक्षरे असणारच. त्याच सांगाड्यावर परिवर्तनाची वेगळी खूणही मारलेली असते. ज्याला पुनर्बांधणीची माहिती नाही तो अस्सल वस्तूला नकली ठरवून मोकळा होईल.

बंगालमधील इशापूर येथे १९०४ मध्ये रायफल कारखाना स्थापन झाला. तेथील रायफलींवर ‘जी. आर. आय.’ ही अक्षरे दिसतात. त्यांतील शेवटचे अक्षर सम्राटपदाचे असून ते इंग्लंडमध्ये तयार झालेल्या रायफलींवर नसते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने ‘नंबर चार’ हे नवे रूप स्वीकारले. इशापूरने मात्र पहिल्या महायुद्धातील रूपच पुढे चालू ठेवले. स्वातंत्र्यानंतर राजमुकुटाची जागा अशोकस्तंभावरील सिंहांनी घेतली. जुन्या सांगाड्यावर पुढे नवी नळी बसली की राजमुकुट आणि सिंह एकाच रायफलीवर येतात. बाजाराच्या दृष्टीने हा दोष आहे. सत्तांतराचे इतके संक्षिप्त चित्र दुसऱ्या कोणत्या वस्तूवर सापडेल हे सांगणे कठीण आहे. पहिल्या काही महिन्यांतील अधिमुद्रित टपाल तिकिटे व मुद्रांक कागद कदाचित त्याच्या जवळ जातील.

भारतातील हवामानाचा परिणामही या रायफलींवर वाचता येतो. त्या काळच्या काडतुसांतील टोपीच्या रसायनामुळे गोळीबारानंतर नळीत क्षार उरतात. गरम पाण्याने धुतली नाही तर पावसाळ्यात नळी काही दिवसांत गंजते. लाकूड उन्हाने वाळते, पावसाने फुगते, शेवटी तडकते. म्हणून पुढील लाकडात एक आडवा स्क्रू बसवण्यात येऊ लागला. संग्राहक त्याला ‘इशापूर स्क्रू’ म्हणतात. नळीवरून हातबॉम्ब फेकण्यासाठी नेमलेल्या रायफलींच्या पुढील भागावर तांब्याची तार गुंडाळून ती झाळलेली असते. लाकडाखाली गंजरोधक रंगाचा थर असतो. ‘एफ. आर.’ आणि साल ही कारखान्यातील दुरुस्तीची खूण, ‘डी. पी.’ ही केवळ कवायतीसाठी उरल्याची खूण. १९४८ मध्ये राष्ट्रीय छात्रसेना स्थापन झाल्यावर अशा कवायती रायफली तसेच .२२ बोअरमध्ये परिवर्तित रायफली महाविद्यालयांच्या मैदानांपर्यंत आल्या. अनेक प्राध्यापकांनी विद्यार्थिदशेत ती हाताळली असेल, पण तिच्यावर काय लिहिले आहे हे वाचण्यास त्यांना कोणी सांगितले नसेल.

.४१० मस्केट :

या संपूर्ण कुळात भारतीय अभ्यासकाच्या दृष्टीने सर्वांत बोलकी आहे ती .४१० बोअरची मस्केट. .३०३ ची रायफल घेऊन तिची नळी कोरून गुळगुळीत करण्यात आली, दहा काडतुसांच्या मॅगझिनच्या जागी लाकडाचा ठोकळा बसवण्यात आला, आणि एका वेळी एकच काडतूस हाताने भरावे लागेल अशी ती केली गेली. ही मस्केट पोलीस, तुरुंगरक्षक व पहारेकरी यांच्यासाठी होती. बाहेरून पाहणाऱ्यास ती रायफलच भासे. जमावासमोर तेवढे भासणे पुरेसे होते.

तिचे काडतूसही तितक्याच विचाराने ठरवलेले होते. .३०३ च्या काडतुसाचे पितळी नळकांडे पुढच्या टोकाला आवळून गोळीच्या मापाचे करतात. ते न आवळता सरळ ठेवले की .४१० चे काडतूस होते. त्यात एक गोल गोळी किंवा छर्रे भरत. यंत्रसामग्री तीच, कच्चा माल तोच. या काडतुसांचा महाराष्ट्राशी थेट संबंध आहे. पुण्याजवळील खडकी येथील दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. तेथील काडतुसांच्या बुडावर ‘के. एफ.’ ही अक्षरे असून .३०३ प्रमाणेच .४१० च्या काडतुसांवरही ती आढळतात. पोलीस चौकीतून एखादी मस्केट पळवली गेली तरी लष्करी काडतूस तिच्यात उपयोगी पडू नये, हा या योजनेचा फायदा उघड होता. १८५८ मध्ये शिपायाच्या एनफिल्डला जे केले तेच सुमारे पाऊणशे वर्षांनी पोलिसाच्या ली-एनफिल्डला केले गेले. फरक एवढाच की आता अविश्वास ज्यांच्यावर बंदूक रोखायची त्यांच्यावरही होता आणि ज्याच्या हाती ती द्यायची त्याच्यावरही.

संग्राहकांच्या बाजारात ही मस्केट ‘बिघडवलेली’ रायफल समजली जाते. परदेशी शौकिनांपैकी काही जण तिची नळी काढून पुन्हा .३०३ ची नळी बसवतात व मॅगझिन आणून ती ‘मूळ रूपात’ आणतात. वास्तविक या कृतीने एक सामान्य रायफल वाढते आणि एक दुर्मीळ दस्तऐवज नष्ट होतो. इतिहासाच्या दृष्टीने ही पुनर्बांधणीच खरी हानी होय, कारण तिच्या मागे कोणत्याही संस्थेचा आदेश नाही, तारीख नाही आणि खूणही नाही. फेरफाराविना बदललेल्या नावासारखी ती आहे. क्रमांक जुळत नाहीत म्हणून जुना क्रमांक घासून नवा मारणारे विक्रेतेही याच जातीचे. बाजारात ‘जुळवून घेतलेल्या’ अशा रायफली ओळखण्याचे कौशल्य ही आता एक स्वतंत्र विद्याच झाली आहे.

याच्या उलट चूकही होते. १९६२ च्या युद्धानंतर इशापूर येथे ७.६२ मिलिमीटर काडतुसांसाठी ‘२ए’ व पुढे ‘२ए१’ या रायफली तयार झाल्या. त्या दिसायला जुन्या ली-एनफिल्डसारख्याच असल्याने परिवर्तित .३०३ म्हणून त्या अनेकदा विकल्या गेल्या आहेत. प्रत्यक्षात त्या अधिक चांगल्या पोलादापासून नव्याने घडवलेल्या होत्या व त्यांचे चौकोनी मॅगझिन बारा काडतुसांचे होते. अमेरिकेत आयात झालेल्या अशा रायफलींवर तेथील नियमाप्रमाणे आयातदाराचे नाव ठोकलेले असते. शौकीन या शिक्क्याबद्दल नाक मुरडतात. इतिहासकाराला मात्र तो वस्तूच्या प्रवासातील आणखी एक शेरा वाटावयास हवा.

कायदा आणि जतनाचा प्रश्न :

भारतात संग्रहमूल्याचा प्रश्न बाजारापेक्षा कायद्याच्या अंगाने अधिक येतो. शस्त्र अधिनियम १९५९ अन्वये केलेल्या १९६२ च्या नियमांच्या पहिल्या अनुसूचीत .३०३ व ७.६२ बोअरच्या रायफली, आणि त्यांच्याच पंक्तीत .४१० च्या मस्केटी, सामान्य नागरिकाला सहसा न मिळणाऱ्या गटात घालण्यात आल्या. कसोटी शस्त्राच्या ताकदीची नव्हती. सरकारी काडतूस त्यात चालते काय, एवढाच प्रश्न होता. वसाहतकाळातील विचार स्वतंत्र भारताच्या नियमपुस्तकात असा टिकून राहिला. परवानाधारक शेतकऱ्याच्या किंवा शिकाऱ्याच्या हाती जी इशापूरची रायफल येई ती .३१५ बोअरची, यंत्ररचना ली-एनफिल्डचीच, काडतूस मात्र वेगळे. १९६२ च्या नियमांची जागा २०१६ च्या नियमांनी घेतली आहे.

अधिक महत्त्वाचे आहे ते मूळ अधिनियमाचे ४५ वे कलम. कालबाह्य नमुन्याच्या अथवा पुरातन मूल्याच्या शस्त्राला ते अधिनियमातून वगळते. पण अट अशी की ते शस्त्र दुरुस्तीसह वा दुरुस्तीविना वापरण्याजोगे नसावे. ‘दुरुस्तीसह’ या शब्दापाशी ली-एनफिल्डची अडचण होते. दुरुस्त होणे हाच तिचा स्वभाव आणि हेच तिचे ऐतिहासिक वैशिष्ट्य. तिला पुरावस्तू म्हणून ठेवायचे तर आधी ती कधीच दुरुस्त होणार नाही इतकी निकामी करावी लागते, आणि निकामी करताना नळी, बोल्ट व बैठक हे ज्या भागांवर सर्वाधिक खुणा असतात तेच कापले जातात. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी अधिनियमाची दृष्टी निराळी आहे. ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू शंभर वर्षे जुनी असली की ती पुरावस्तू ठरू शकते व खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. एका कायद्याला वय दिसते, दुसऱ्याला चाप. एकच रायफल दोघांच्या कक्षेत येते तेव्हा सुरक्षेचा कायदा वरचढ ठरणे स्वाभाविक आहे, आणि त्याला आक्षेप घेण्याचे कारणही नाही. शस्त्रे मोकळी सुटू नयेत ही गरज खरी आहे.

या रायफली आता झपाट्याने सेवेतून जात आहेत. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर स्वयंचलित रायफलींसमोर .३०३ घेऊन उभ्या राहिलेल्या पोलिसांचे व रेल्वे सुरक्षा दलाच्या जवानांचे चित्र देशाने पाहिले. त्यानंतर जुनी शस्त्रे बदलण्याच्या मागणीस जोर आला व ती रास्तच होती. उत्तर प्रदेश पोलिसांनी जानेवारी २०२० मध्ये .३०३ ला समारंभपूर्वक निरोप दिला. इशापूर व खडकी हे कारखानेही ऑक्टोबर २०२१ पासून आयुध निर्माणी मंडळाच्या विसर्जनानंतर दोन वेगवेगळ्या सरकारी कंपन्यांकडे गेले आहेत. शस्त्र सेवेतून गेले की ते वितळवले जाणार हे गृहीत आहे, आणि प्रत्येक रायफल वाचवावी असा आग्रह धरणे अव्यवहार्य ठरेल.

वितळवण्यापूर्वी वाचणे मात्र शक्य आहे. एका रायफलीवरील सर्व खुणा, म्हणजे सांगाड्यावरील आद्याक्षरे व साल, नळीवरील साल, रेघ मारलेला आणि नवा असे बोल्टवरील दोन्ही क्रमांक, दुरुस्तीच्या तारखा, दस्त्यावरील गोल पितळी चकती असल्यास तिच्यावरील मजकूर, हे सर्व छायाचित्रासह नोंदवण्यास अर्धा तासही पुरतो. हे काम पोलीस अधीक्षकांच्या परवानगीने, शस्त्रागाराच्या हवालदाराच्या देखरेखीखाली, शस्त्र जागचे न हलवता होऊ शकते. ज्या महाविद्यालयांत छात्रसेनेच्या कवायती रायफली आजही आहेत तेथे तर इतिहास विभाग व छात्रसेना अधिकारी यांच्यात एका भिंतीचेच अंतर असते. नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, १८६३ पासूनच्या ‘अजब बंगल्यात’, तलवारी आणि जुन्या बंदुका पाहण्यास विद्यार्थ्यांच्या सहली जातात. त्याच विद्यार्थ्यांनी ज्या रायफलीवर सलामी दिली तिच्या सांगाड्यावर १९१६ किंवा १९१८ असे साल असू शकते.

पहिल्या महायुद्धातील या रायफलींनी शंभर वर्षांची मर्यादा ओलांडली आहे. ‘जी. आर. आय.’ अक्षरांच्या, दुसऱ्या महायुद्धात तयार झालेल्या रायफली २०३९ पासून ती गाठू लागतील.